सोळा मिलिमीटर

स्वयंपाकघराची जमीन आम्ही जानेवारीत उकरली.
हडर्सफील्डमध्ये जानेवारीत कुणी जमीन उकरत नाही,
असं शेजारचा क्लिफर्ड म्हणाला,
आणि कुदळ घेऊन आला.

लाद्यांखाली निघाली कोळशाची काळी राख,
दुधाच्या बाटलीचं चेपलेलं झाकण,
एक मातीची गोटी.
गोटी मी धुऊन खिडकीत ठेवली.

मग फोमचे जाड पत्रे, वर चंदेरी कागद,
भिंतीच्या कडेनं मऊ पट्टी.
जमीन तापली की फुगते,
तिलाही सरकायला जागा लागते थोडी,
हे सांगताना क्लिफर्ड माझ्याकडे बघत नव्हता.

सोळा मिलिमीटरचा पाइप, शंभर मीटरचं भेंडोळं.
ऐकत नाही ते.
सरळ करावं तर पुन्हा वळतं,
फार दिवस गोल राहिल्याची खोड.
एकानं सोडत जायचं, दुसऱ्यानं गुडघ्यानं दाबून
क्लिप ठोकायची.
सोडायला क्लिफर्ड, ठोकायला मी.
यशोधन खुर्चीत, पाय स्टुलावर,
मांडीवर त्यानंच आखलेला नकाशा,
चौकटीच्या वहीतला, पेन्सिलीचा.
"दीडशेचं अंतर लिहिलंय. तिथे दोनशे झालं."
झालं तर झालं, म्हटलं मी,
आणि चार क्लिपा उचकटून पुन्हा मारल्या.

आत आत जायचं, मधोमध पोचायचं,
आणि आपल्याच दोन ओळींमधून परत फिरायचं.
वाटेत जोड नाही. एकही नाही.
जमिनीखालचा जोड म्हणजे उद्याची गळती,
क्लिफर्डचं चाळीस वर्षांच्या नोकरीतलं
एवढंच तत्त्वज्ञान.

ऑक्टोबरात क्लिनिकमध्ये नर्सनं
नायलॉनचा दोरा त्याच्या तळव्याला टेकवला होता.
डोळे मिटा. इथे? इथे कळतंय?
तो हो म्हणाला तेव्हा
दोरा उचलून झाला होता.
मी पाहिलं. नर्सनं पाहिलं.
त्याला कुणी सांगितलं नाही.
गरम पाण्याची पिशवी बंद, ती म्हणाली,
हीटरपाशी पाय नकोत,
भाजलं तरी समजणार नाही यांना.

म्हणून हे.
पस्तीस अंशांचं पाणी, कुणाला न भाजणारं,
खालून, हळू, न विचारता.

रात्रभर पाइपात सहा बारचा दाब ठेवला.
दोन वाजता उठून मी टॉर्चनं काटा बघून आले.
अंधारातून आवाज आला, "किती?"
"सहा."
"सहाच?"
"सहाच. झोप."

मग ट्रक आला, लांब नळी आली,
आणि करडं स्क्रीड आंबिलीसारखं पसरत गेलं.
पाऊण तासात सगळं खाली गेलं,
माझ्या क्लिपा, माझे वेडेवाकडे वळसे,
कपाटाखाली जिथे मी मराठीत शिवी दिली ती जागासुद्धा.
क्लिफर्डला अर्थ न सांगताच कळली होती ती.

पन्नास दिवस वाळू द्या, म्हणाले.
पन्नास दिवस आम्ही वरच्या पॅसेजमध्ये
एका हॉटप्लेटवर खिचडी खाल्ली.
पाणी सोडलं तेव्हा मार्च संपत आला होता,
अंगणात डॅफोडिल्स, थंडी निघायच्या बेतात.
क्लिफर्ड हसून हसून खोकला.

रोज एकेक अंश वाढवायचा.
पाचव्या दिवशी मी मोजे काढले.
उन्हात पडलेली चटई नुकतीच आत आणावी
तशी लागली जमीन पायांना.
तो भिंतीला धरून आला, शेजारी उभा राहिला
आणि कुणी न सांगता डोळे मिटले.
"इथे?" मी विचारलं.
नर्ससारखं विचारायचं नव्हतं मला,
पण तसंच निघालं तोंडून.

बराच वेळ काही नाही.
फक्त मॅनिफोल्डमधला पंप, बारीक.
मग तो माझा खांदा धरून वाकला,
एक गुडघा टेकला, दुसरा टेकला,
आणि तळहात पसरून ठेवला जमिनीवर,
पाइपाच्या बरोब्बर वर. नकाशा पाठ होता त्याला.
"दोनशे," तो म्हणाला. "इथे तू दोनशेच ठेवलंयस."

मीही खाली बसले.
आता उठायचं कसं, ते दोघांनाही माहीत नव्हतं.
क्लिफर्ड पाचला चहाला येणार होता.